पासष्ट फुटांची लेडी जोसेफिन

नेव्हिल पोटावर झोपून बोटीतल्या पलंगाखाली टेप सरकवत होता. आम्हाला फक्त त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते. बोट विकणारा प्रोबर्ट त्या तळव्यांकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे बोट घ्यायला आलेत की गालिचा घालायला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्यात खोटं काही नव्हतं. नेव्हिल ग्रीनवूडने एक्केचाळीस वर्षं हॅलिफॅक्स आणि एलंडमधल्या घरांत गालिचे घातले. गावातल्या निम्म्या लोकांना त्याचा चेहरा ओळखू येत नाही, कारण तो त्यांच्या घरी होता तेव्हा सगळा वेळ जमिनीकडे तोंड करून होता. त्याचं माप कधी चुकलं नाही. एकदा पाद्रीबुवांच्या जिन्यावर गालिचा पाऊण इंच कमी पडला, तर चौकशीअंती चूक जिन्याची निघाली.

"मास्तर, लिहा," पलंगाखालून आवाज आला. "सहा फूट दोन."

मी लिहिलं. एलंडच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे आमच्या गल्लीत असा समज आहे की गावाच्या हद्दीपलीकडचं सगळं मला माहीत असतं. मीही तो समज कधी खोडून काढला नाही. फुकट मिळणारा मान कोण परत करतो?

"त्यापेक्षा शेजारची बघा ना," प्रोबर्ट म्हणाला. "सत्तावन्न फुटी आहे. नव्या माणसाला तीच बरी. आखूड बोट कुठंही जाते."

नेव्हिल पलंगाखालून निघाला, गुडघे झटकले आणि शेजारच्या बोटीतही जाऊन आला. पाच मिनिटांत परत.

"खुर्ची वळत नाही तिच्यात."

"कुठली खुर्ची?"

"बायकोची. चाकांची. ही पासष्ट फुटी आहे, हिच्यात मधे वळते. दोनदा मोजलंय मी."

प्रोबर्टने मग आग्रह केला नाही. 'आखूड बोट कुठंही जाते' हे त्या संपूर्ण व्यवहारातलं सर्वांत मोलाचं वाक्य होतं. आम्ही दोघांनी ते विकणाऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

नेव्हिलच्या बायकोचं नाव एव्हरिल. तिचा बाप आमच्या एलंडच्या कालव्यावर कोळशाची बोट चालवायचा. ती बोटीवरच जन्मली आणि चालायला शिकली ती कमरेला दोरी बांधून. पोर पाण्यात पडलं तर ओढून काढायची सोय. लग्न होऊन ती दोन खोल्यांच्या घरात आली आणि त्रेपन्न वर्षं एकच म्हणत राहिली, "नेव्हिल, आपण एक बोट घेऊ या." नेव्हिल म्हणायचा, "पुढच्या वर्षी." तो थापा मारत नव्हता. दर वर्षी त्याला ते मनापासून वाटायचं. कोणाची तरी बैठकीची खोली मोजायची राहिलेली असायची, इतकंच.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये एव्हरिल स्वयंपाकघरात कोसळली. उजवी बाजू गेली. तिला एलंडच्या कालव्याकाठच्या दगडी शुश्रूषागृहात ठेवलं. वाचा गेली, पण अगदी सगळी नाही. एक शब्द राहिला. 'मंगळवार'. चहा हवा असला तरी मंगळवार, पडदा ओढायचा तरी मंगळवार, शेजारच्या खोलीतल्या बाईंचा टीव्ही मोठा झाला तरी मंगळवार. डॉक्टर म्हणाले, असं होतं. हाच शब्द का राहिला ते त्यांना सांगता येईना, आणि आम्हाला तर मंगळवारी घडलेलं काहीच आठवेना. नेव्हिल महिनाभरात ती भाषा शिकला. त्या शुश्रूषागृहात चिपो नावाची झिम्बाब्वेची नर्स होती. तिला तो समजावून सांगायचा, "हा मंगळवार उशीचा आहे. आणि आत्ताचा जो झाला ना, तो मला होता. शर्ट मळलाय माझा." आणि शर्ट मळलेलाच असायचा.

एव्हरिलची खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी थेट पाण्यावर. दिवसभर ती येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघायची. नाताळ झाल्यावर डॉक्टरांनी नेव्हिलला बाहेर बोलावून सांगितलं, "या उन्हाळा बघतील, असं मी म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्हिल माझ्या दारात. टोपी हातात.

"मास्तर, बोट कुठं मिळते?"

बेत साधा होता. बोट घ्यायची, चालवत आणायची, तिच्या खिडकीखाली उभी करायची आणि भोंगा वाजवायचा. चिपो पलंग खिडकीकडे वळवणार. मग ऊन बघून एव्हरिलला खुर्चीतून खाली आणायचं, फळीवरून बोटीत घ्यायचं, आणि एक मैल जाऊन परत यायचं.

"एकच मैल," नेव्हिल म्हणाला. "जास्त नको. तिला दगदग व्हायला नको."

एव्हरिलला यातलं काही सांगायचं नव्हतं. त्रेपन्न वर्षं टाळलेली गोष्ट आहे, ती सांगून थोडीच करायची!

आमच्या जवळपासच्या धक्क्यांवर चार-पाच बोटी विकाऊ होत्या. सगळ्या आखूड. खुर्ची कशातच वळेना. "आपल्याकडची माणसं चिक्कू," नेव्हिल म्हणाला, "बोटीसुद्धा आखडून बांधतात." मी हसलो. भूगोल शिकवलेला माणूस मी, आणि हसलो! म्हणून आम्ही डोंगरापलीकडे चेशरला गेलो. तिथल्या कालव्यावर मात्र लांबच लांब बोटी होत्या.

घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तपासून घेतात. क्रेनने आम्ही पसंत केलेल्या पासष्ट फुटी लेडी जोसेफिनला उचललं. तपासनीस तिच्या पोटाखाली वाकून हातोडीने ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पत्रा चांगला जाड होता.

"कुठं नेणार?" त्याने विचारलं.

"घरी," नेव्हिल म्हणाला.

"वा, छान."

नेव्हिलला तिथल्या तिथे जुनं नाव खरवडून 'एव्हरिल' लिहायचं होतं. खिशातून त्याने रंगाचा डबादेखील काढला. प्रोबर्टने त्याचा हात धरला. बोटीचं नाव ती पाण्याबाहेर असतानाच बदलायचं असतं; पाण्यात बदललं तर वाईट.

"बाहेरच तर आहे ती."

"हो, पण रंग वाळायला दोन दिवस लागतात काका, आणि क्रेनला पुढची बोट दहा मिनिटांत लावायचीय."

लेडी जोसेफिन नावासकट पाण्यात उतरली. "म्हणजे त्रेपन्न वर्षांनी," नेव्हिल म्हणाला, "मी तिच्या खिडकीखाली दुसऱ्या बाईला घेऊन उभा राहणार."

मग त्याने बोटीत गालिचा घातला. हॅलिफॅक्सच्या गिरणीतला अस्सल लोकरीचा, गडद लाल. तो त्याने वीस वर्षं माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इतक्या अरुंद खोलीत एवढं चोख काम मी कधी पाहिलं नाही. जोड शोधून सापडत नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. एव्हरिलला सांगितलं की नेव्हिल गुडघ्यांच्या इलाजासाठी समुद्रकाठच्या स्कारबरोला बहिणीकडे चाललाय. ती म्हणाली, "मंगळवार."

"विश्वास बसला नाही तिचा," नेव्हिल बाहेर आल्यावर म्हणाला.

प्रोबर्टने तासभर शिकवलं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. एवढं कळलं की सगळं आलं, असं त्याचं म्हणणं. नेव्हिलला कळलं होतं, हातांना कळलं नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही काठाला बांधलेल्या तीन बोटींना धडकलो. आत बसलेली माणसं चहाचा मग घेऊन बाहेर यायची. ओरडायची नाहीत. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"पहिला दिवस?"

"हो."

"दिसतंय."

एक बाई तर काठाकाठाने आमच्याबरोबर चालायला लागल्या. बोटीचा वेग असा की चालणारं माणूस तिला सहज गाठतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, माझी कुंडी तेवढी द्या." बघतो तर खरंच, त्यांच्या टपावरची जिरेनियमची कुंडी धक्क्याने आमच्या टपावर येऊन बसली होती.

वाटेत शंभरावर लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरून वर चढायचं किंवा सोडून खाली उतरायचं, मग पुढचं दार उघडायचं. बोटीवर नेव्हिल, दारं, झडपा आणि कंबरदुखी माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "अरे, तुझ्या गुडघ्यांची थाप मारली आणि गेले माझे."

"सोसा, मास्तर. तिच्या बापाने जन्मभर हेच केलं."

रोज संध्याकाळी तो चिपोला फोन लावायचा. चिपो फोन एव्हरिलच्या कानाला धरायची. नेव्हिल स्कारबरोची हवा सांगायचा, पलीकडून एक शब्द यायचा आणि मग हा मला अर्थ सांगायचा. "आज चिडलीय." "आज बरी आहे, चिपोने केस धुतलेत." एकदा त्याने फोन ठेवून खिशात सारला. मग म्हणाला, "तिला इंजिनाचा आवाज ऐकू गेला, मास्तर. काहीतरी ओळखलंय तिनं."

आठव्या दिवशी आम्ही डोंगरमाथ्यावर पोचलो. दोन्हीकडे मोकळं रान, मेंढ्या, वारा. नेव्हिल आता बोट अशी चालवत होता की काठावरची बदकंही जागची हलत नव्हती. आम्ही टपावर बसून पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्री, खात होतो.

"मास्तर, मी तिला सरळ 'नाही' म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नाही म्हटलं असतं तर भांडली असती. आणि भांडणात तीच जिंकते. दुसऱ्याच वर्षी बोट घ्यायला लागली असती मला." त्याने हातातली पेस्ट्री कागदात परत गुंडाळली. "मी 'पुढच्या वर्षी' म्हणायचो. पुढच्या वर्षीशी कोण भांडणार?"

 मी चहा ओतला.

उतारावरचे चार दिवस नेव्हिल गाणी गुणगुणत होता. टॉडमॉर्डन गेलं, हेब्डन ब्रिज गेलं. बाराव्या दिवशी सकाळी सॉवरबी ब्रिजच्या मोठ्या लॉकवर आलो. तिथून एलंड चार मैल. तिथलं लॉक एवढं खोल आहे की ते कर्मचाऱ्यांशिवाय कोणाला हलवू देत नाहीत. थेल्मा नावाच्या जाडजूड बाई वही घेऊन उभ्या होत्या.

"कुठवर?"

"एलंड," नेव्हिल म्हणाला. युद्ध जिंकून येणारे सेनापती गावाचं नाव असंच सांगत असतील.

"लांबी?"

"पासष्ट."

थेल्माबाईंनी पेन्सिल कानावर खोचली. "एलंडला नाही जायची ही."

"का बरं?"

"इथवर या, वाटेल तेवढं लांब घेऊन या. पुढं सॉल्टरहेबलची तीन लॉक आहेत, ती आखूड. सत्तावन्न-साडेसत्तावन्न. त्याहून लांब बोट मावतच नाही."

"पण मागच्या एवढ्या सगळ्या लॉकमध्ये मावली की!"

"मागचा कालवा वेगळा, बाबा. हा एका कंपनीनं खणला, तो दुसरीनं. एकमेकांना विचारलं नाही कुणी."

"कधीची गोष्ट?"

"दोनशे वर्षं झाली असतील."

"आणि अजून कुणी दुरुस्त केलं नाही?"

थेल्माबाईंना हसू आलं होतं. नेव्हिलचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. "तुमच्या नकाशाच्या पुस्तकात असेल बघा. पहिल्याच पानावर असतं."

पुस्तक माझ्या हातात होतं. बारा दिवस माझ्याच हातात होतं. मी पहिलं पान उघडलं. जाड काळ्या चौकटीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक कालव्यावर किती लांबीची बोट जाते ते छापलं होतं. मला प्रस्तावना वाचायची सवय नाही. एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो, नकाशा वाचण्याआधी त्याची सूची वाचा.

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं.  रागावला असता तर आज मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

"चला मास्तर," तो म्हणाला. "मोजून घेऊ."

सॉल्टरहेबलपर्यंत बोट जाते. तिथे आम्ही ती वरच्या लॉकच्या तोंडाशी बांधली. नेव्हिल दगडी काठावर पोटावर झोपला आणि टेप सोडली. टेपचं दुसरं टोक खालच्या दाराशी मी धरलं. त्याने आकडा वाचला, टेप गुंडाळली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा मी म्हणालो, "नेव्हिल, पुरे."

"तिरकी घातली तर?"

"तिरकी घातली तर साठ जाते म्हणाल्या थेल्माबाई. पासष्ट नाही जात."

तो दगडावर तसाच पडून राहिला. खाली पाणी, त्यापुढे बंद दार, आणि दारापलीकडे एलंडला जाणारा कालवा सरळ दिसत होता. दीड मैल. वारा तिकडून असता तर शुश्रूषागृहातल्या जेवणाचा वास आला असता.

मग तो उठला आणि सॉवरबी ब्रिजच्या बोट दुरुस्तीवाल्याला फोन केला. बोट कापून आखूड करता येते म्हणे. मधला आठ फुटांचा तुकडा काढायचा आणि दोन्ही बाजू जोडायच्या. दुरुस्तीवाला म्हणाला, अवश्य, तीन महिने लागतील.

"मधला म्हणजे नेमका कुठला?" नेव्हिलने विचारलं.

तो ऐकत राहिला. मधला म्हणजे जिथे खुर्ची वळते, तोच.

त्या दुपारी आम्ही कालव्याकाठच्या पाऊलवाटेने चालत एलंडला गेलो. मी बाहेर थांबतो म्हणालो. नेव्हिल म्हणाला, "नको, या. तिनं काही फेकून मारलं तर निम्मं तुमच्या वाट्याचं."

एव्हरिल उशांना टेकून बसली होती. बारा दिवसांत खूप वाळली होती. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. हातांना ग्रीस लागलेलं, तळवे दोराने सोललेले. बोटवाल्याच्या लेकीला हात वाचता येत होते.

"पोरी," नेव्हिल म्हणाला, "मी स्कारबरोला नव्हतो."

"मंगळवार," ती म्हणाली. म्हणजे, माहितेय.

"बोट घेतली. तुझ्यासाठी. चेशरहून आणली, स्वतः चालवत. आत लाल गालिचा घातलाय. तुझी खुर्ची वळते, मी मोजलंय." त्याने टोपी काढली. "सॉल्टरहेबलच्या वर उभी आहे."

तिच्या कपाळाला आठी पडली. तिथे का, असं.

"पासष्ट फूट आहे ती, एव्हरिल."

 मग तिच्या चेहऱ्याचा डावा कोपरा थरथरला. मला वाटलं, रडते. ती हसत होती. अर्ध्याच तोंडाने, आवाज न करता, खांदा गदगदत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, "मं-ग-ळ-वार!"

"हो," नेव्हिल म्हणाला. "आहेच मी गाढव."

तिने डावा हात पांघरुणावर थोपटला. तो बसला. तिने त्याचा सोललेला तळवा उलटा करून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. खालून एक बोट चालली होती. आखूड.

वाट चिपोने काढली. शुश्रूषागृहाची खुर्ची चढवायची गाडी होती. सॉल्टरहेबलला रस्ता लॉकच्या अगदी जवळून जातो. शनिवारी गाडी मोकळी होती. डॉक्टर नाखूश होते. चिपो त्यांना म्हणाली, "साहेब, त्यांना जपून ठेवून आपण कशासाठी वापरणार आहोत?" डॉक्टरांनी सही केली.

गुरुवारी नेव्हिल दिवसभर बोटीवर होता. फळीचा उतार एव्हरिलच्या खुर्चीला जरा जास्त वाटत होता. तो फळी लांब करत बसला. मुक्काम बोटीवरच केला. शुक्रवारी सकाळी सव्वासातला, चहा यायच्या आधी, एव्हरिल गेली. दुसरा झटका होता. आम्ही पोचलो तेव्हा चिपोने तिचे केस विंचरून ठेवले होते.

नेव्हिल खुर्ची ओढून बसला, टोपी गुडघ्यावर. चिपो दाराशी उभी. 

"काल संध्याकाळी त्या काहीतरी विचारत होत्या," ती म्हणाली. "सारख्या. पाणी दिलं, तर नाही. उशी, नाही. खिडकी उघडली, नाही. मला कळेचना, काका. तुम्ही असता तर कळलं असतं."

"कशी म्हणत होती?"

"मंगळवार, असंच."

"तसं नव्हे. कशी म्हणत होती ते म्हणून दाखव."

चिपोने प्रयत्न केला. शेवट जरा वर नेऊन, प्रश्न विचारल्यासारखा. नेव्हिलने डोळे मिटले.

"पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणाली. सावकाश.

"आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी शब्द अर्ध्यातच फुटला. चिपो भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. नेव्हिल उठला, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे, बाळ," तो म्हणाला. "तुझ्या आवाजात नाही कळत मला."

त्याने बोट विकली नाही. मला वाटलं होतं विकेल. प्रोबर्टचाही तसा फोन आला होता. उलट नेव्हिल घर बंद करून तिच्यावरच राहायला गेला. एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही असा कालव्याचा नियम आहे, म्हणून दर पंधरवड्याला तो सॉवरबी ब्रिजकडे मागे जातो, आणि काही दिवसांनी फिरून सॉल्टरहेबलच्या तोंडाशी येतो. मला वाटतं थेल्माबाई त्याच्या बाबतीत दिवस मोजताना अधूनमधून चुकतात.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी त्याच्याकडे गेलो. लॉकवर गडबड चालली होती. दोन वयस्कर बहिणी, नवी कोरी हिरवी बोट, सत्तावन्न फुटी. महिनाभरापूर्वीच घेतलेली. त्यांना खाली उतरायचं होतं आणि झडप उघडत नव्हती. धाकटी तिच्याशी लोखंडी हँडल घेऊन झटत होती आणि थोरली सुकाणूवरून सूचना देत होती.

"उलटं फिरव, एडिथ!"

"उलटंच फिरवतेय, तायडे! तूच ये ना इकडं!"

"ते हँडल नाही चालत इथं, बाई," नेव्हिल म्हणाला. तो बोटीतून एक जाड लाकडी दांडा घेऊन आला. इथल्या झडपा अशा दांड्यानेच उचलायच्या असतात. दुसऱ्या कुठल्या कालव्यावर ही पद्धत नाही, त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक जण इथे अडतो. दांडा एव्हरिलच्या वडिलांचा. घरामागच्या खोपटातच पडलेला असायचा. नेव्हिल तो चाळीस वर्षं गालिच्याच्या गुंडाळ्या दारातून आत रेटायला वापरत आला होता आणि एव्हरिलने त्याला एकदाही हटकलं नव्हतं.

त्याने दांडा खाचेत घातला, अंगाचा भार टाकला, काढला, पुन्हा घातला. पाणी धो धो सुटलं. हिरवी बोट हळूहळू दगडी भिंतींच्या मधे खाली जायला लागली.

"ती लाल पडद्यांची बोट तुमची का हो?" थोरलीने खालून मान वर करून विचारलं. "किती देखणी आहे! खाली नाही येत तुम्ही?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "मी इथवरच."

"मग आमच्या बोटीत या ना. एलंडपर्यंत सोडतो. तेवढाच आम्हाला शिकवणारा मिळेल कुणीतरी."

"या की!" धाकटी म्हणाली. "तायडीला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर तरी ओरडता येईल."

नेव्हिल हसला. खालच्या पाण्याकडे, उघडायला लागलेल्या दाराकडे त्याने पाहिलं. आता येतो म्हणेल, असं मला एक क्षणभर वाटलं.

"नको, तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "खालच्या दोन लॉकवर माणूस असतो, दांडा त्याच्याकडे आहे. फक्त एलंडच्या पुलाआधी एक मोठी दगडी इमारत लागेल, पाण्याला लागून. तिथं वेग जरा कमी करा. वरून बघत असतात लोक."

"करू की," थोरली म्हणाली. धाकटी भिंतीच्या शिडीने बोटीत उतरली. बोट पुढे सरकली, दोन्ही दारांमधून अलगद, कुठेही न घासता बाहेर पडली आणि एलंडच्या दिशेने निघाली.

मी मदतीला पुढे झालो. त्याने हातानेच थांबवलं. दाराच्या लांब लाकडी तुळईला त्याने पाठ लावली, टाचा दगडांच्या खाचेत रोवल्या आणि एकेक पाऊल मागे सरकत, घाई न करता, त्यांच्यामागे दार लावून घेतलं.